घे!

दुपारी चहा टाकायला उठले तर खाली पार्किंगमधून आवाज आला, "हे घे!" पाठोपाठ कुणाच्या तरी गाडीच्या दारावर रबरी चेंडू धप्पकन आदळला. वॉचमन खेकसला, पोरं पसार. चहा राहिला बाजूला आणि मला प्राचीन ग्रीक आठवले.

हसू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये शिशाची एक गोळी आहे. अथेन्सला सापडलेली, इ.स.पू. चौथ्या शतकातली, आकार बदामाचा. एका अंगाला पंख फुटलेली वीज, दुसऱ्या अंगाला एकच शब्द: देक्साई. म्हणजे, घे! गोफणीतून भिरकवायची, ज्याला लागेल त्याने वाचावं म्हणून. वाचला तर.

ग्रीक लढाई म्हटलं की सगळ्यांना ते ढालीला ढाल भिडवून भिंतीसारखे उभे राहणारे होप्लाइट दिसतात. माझा जीव मात्र कडेच्या मंडळींत. भाले फेकणारे, तिरंदाज, गोफणवाले. अंगावर चिलखत नाही, फेकायचं आणि पळायचं. होमरच्या काव्यातला तिरंदाज ट्यूकर तर बाण सोडून, आईकडे धावणाऱ्या लेकरासारखा, भावाच्या ढालीमागे शिरतो. मीही वाड्यातल्या भांडणांत हेच करायचे, फक्त ढालीच्या जागी थोरली बहीण.

पेल्टास्ट म्हणजे वेताची हलकी ढाल आणि फेकायचे भाले घेतलेले शिपाई. स्पार्टाचे लोक आपल्याच दोस्तांना चिडवायचे, पोरं बागुलबुवाला भितात तसे तुम्ही या पेल्टास्टांना भिता. मग इ.स.पू. 390 मध्ये कोरिंथजवळ लेकायॉनला अथेन्सचा सेनापती इफिक्रातीस याच्या पेल्टास्टांनी स्पार्टाची सहाशेची तुकडी उघड्यावर गाठली. ही तुकडी आपल्यातल्या काही जणांना सणासाठी घरी निघालेले म्हणून वाटेपर्यंत सोडून परत येत होती. भाले आले की स्पार्टन मागे धावायचे, पण एवढं ओझं घेऊन धावणार किती? परत वळले की पाठीत पुन्हा भाले. अडीचशेच्या आसपास मेले. बागुलबुवा!

त्याआधी 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर तेच झालं होतं. लांबून अथेन्सवाल्यांचे बाण नि दगड खाऊन खाऊन शेवटी स्पार्टन शरण आले, 292 जण. त्यातल्या एका कैद्याला कुणीतरी खवचटपणे विचारलं, "म्हणजे तुमच्यातले मेले तेच काय ते शूर?" तो म्हणाला, शूर तेवढे ओळखून टिपत असेल तर ती टकळी फार मोलाची म्हणायची. टकळी म्हणजे बाण, असं ही गोष्ट लिहिणाऱ्या इतिहासकार थ्युसिडिडीजने लगेच सांगून ठेवलंय. बायकांची वस्तू, म्हणून टकळी. शाळेत सूतकताईच्या तासाला माझ्या टकळीवर सूत कमी, गुंता जास्त निघायचा, ते सोडा.

गोफण मला मामाने शिकवली. ज्वारी दाण्यात आली की शेतात माळा उभा राहायचा आणि आम्ही पोरं दिवसभर राखणीला. एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक चिमटीत, मधल्या खोळीत दगड. डोक्यावरून गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. तो क्षण मला कधी सापडला नाही. एकदा दगड मागे गेला आणि मामीच्या घागरीला पोचा आला. शिवाय मी दगड घ्यायचे मुठीएवढा, मोठा तेवढा भारी म्हणून. मामा म्हणायचा, "लहान घे, गोल घे, लांब जातो." इराण्यांचंही माझ्यासारखंच. त्यांचे गोफणवाले मुठीएवढे धोंडे मारत. इ.स.पू. 401 मध्ये त्यांनी परत निघालेल्या ग्रीक सैन्याला पाठलाग करून जेरीस आणलं, तेव्हा त्याचा एक सेनानी झेनोफॉन याने आपल्याच सैन्यातले ऱ्होड्स बेटाचे लोक हुडकले. त्याच रात्रीत दोनशे गोफणवाले तयार. त्यांची शिशाची गोळी धोंड्याच्या दुप्पट लांब जायची. मामाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

एकदा भोरड्यांचा थवाच्या थवा ज्वारीवर उतरला. मी लहान, गोल दगड घेतला, गोफण फिरवली आणि डोळे मिटून सोडली. फट्कन आवाज झाला, सगळा थवा उडाला. एक भोरडी खाली राहिली. मामाने ती उचलून बांधावर ठेवली, बोलला काही नाही. रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलं, नेम धरूनच मारली.