मंकी आयलंड संपला, आता पुढे काय खेळायचं?

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'पासून जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमकडे वळलात, तर सुरुवात उत्तमच झाली. १९९० सालच्या या गेममध्ये कितीही चुकलात तरी पुढची वाट बंद होत नाही. पाण्याखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहिलात तरच गेमचा नायक गायब्रश मरतो, आणि त्यासाठी मुद्दाम वाट बघत बसावं लागतं. खरी अडचण पुढचा गेम निवडताना येते. नावाजलेला म्हणून जो हाती लागेल तो घेऊ नका. आधी एकच गोष्ट शोधा : चूक झाल्याचं न कळवता हा गेम तुम्हाला कायमचा अडकवतो का?

'किंग्ज क्वेस्ट ५' हा त्याच वर्षीचा, दिसायला फार सुंदर. त्यात बेकरीबाहेर एक मांजर उंदराच्या मागे धावतं. प्रसंग काही सेकंदांचा. त्या वेळी तुमच्याजवळ जुना बूट असेल आणि तो मांजरावर फेकलात, तर उंदीर वाचतो. खूप पुढे खानावळीतले गुंड तुम्हाला बांधून तळघरात टाकतात, तेव्हा तोच उंदीर येऊन दोर कुरतडतो. उंदीर वाचवला नसेल तर तुम्ही तिथेच पडून राहता. बेकरीत मिळणाऱ्या 'पाय' (pie) या गोड पदार्थाचंही तसंच. डोंगरात भूक लागली म्हणून तो खाल्लात तर भूक भागते, गेम पुढे सरकतो, आणि नंतर यती समोर येतो तेव्हा त्याच्या तोंडावर फेकायला तो पदार्थ उरलेला नसतो. कोडं अवघड असणं वेगळं आणि तासाभरापूर्वीच हरलेला डाव खेळत राहणं वेगळं. मंकी आयलंडचा निर्माता रॉन गिल्बर्ट याने १९८९मध्येच अशा रचनेविरुद्ध लेख लिहिला होता, आणि मंकी आयलंडमध्ये ते तत्त्व पाळलेलं दिसतं.

तरीही 'किंग्ज क्वेस्ट' बनवणाऱ्या सिएरा कंपनीचे गेम खेळायचे असतील तर जरूर खेळा, फक्त सेव्ह करायची पद्धत बदला. स्कमव्हीएम (जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करतं, पण एकाच जागी, जुन्यावर नवं लिहून. तो गोड पदार्थ खाऊन झाल्यावर त्या सेव्हचा काही उपयोग नाही. प्रत्येक नव्या भागात शिरण्याआधी नवा स्लॉट घ्या आणि त्याला जागेचं नाव द्या : 'डोंगराआधी', 'खानावळीआधी'. कोणत्याही गेममध्ये कंट्रोल-एफ५ दाबलं की स्कमव्हीएमचा स्वतःचा मेनू उघडतो, तिथून हे करता येतं.

आता निवड. पैसे न खर्चता पुढे जायचं तर 'बिनीथ अ स्टील स्काय' घ्या. १९९४चा हा गेम २००३पासून मोफत आहे आणि स्कमव्हीएमच्या साइटवरून कायदेशीरपणे उतरवता येतो. आवाज असलेली सीडी आवृत्ती निवडा. झिप पूर्ण उघडून फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मग 'अ‍ॅड गेम' दाबून तो फोल्डर दाखवा. झिपच्या आतूनच उघडायला गेलात किंवा स्काय.सीपीटी ही छोटी फाइल मागे राहिली, तर गेम चालत नाही. सेटिंगमध्ये आवाज आणि सबटायटल दोन्ही चालू ठेवा. संवाद पुष्कळ आहेत आणि नुसतं ऐकून काही विनोद हातचे जातात.

'अ‍ॅस्पेक्ट रेशो करेक्शन'ही चालू करा. हे गेम ३२० बाय २०० पिक्सेलचे, पण जुन्या मॉनिटरवर ते चित्र ४:३ आकारात ताणून दिसायचं. आजच्या पडद्यावर तसंच सोडलं तर माणसं बसकी दिसतात. दुरुस्तीनंतर उंची २४०च्या हिशेबाने होते.

'बिनीथ अ स्टील स्काय'मध्ये माउसचं डावं बटण चालण्यासाठी आणि निरीक्षणासाठी, उजवं बटण कृतीसाठी. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्याच खोलीत कंटाळतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी टॅप होत नसेल तर सरळ माउस लावा. सुरुवातीला जिन्याची सैल पायरी-दांडी काढायची आणि तिने दार उचकटायचं. नायकाचा रोबॉट मित्र जोई याचा सर्किट बोर्ड भंगारातल्या रोबॉटच्या सांगाड्यात बसवला की मग जोईला कामं सांगता येतात. पुढे अडलात तर आधी त्याच्याशी बोला. बरीच कोडी नायक फॉस्टर स्वतः सोडवतच नाही. मरण मात्र या गेममध्ये आहे, त्यामुळे सेव्ह करत राहा.

त्यानंतर माझी पसंती 'इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस'ला (१९९२). मधल्या भागात तीन वाटा आहेत : सोफिया या सहकारिणीच्या साथीने, डोकं चालवून किंवा हाणामारी करून. पहिल्यांदा सोफियाबरोबरची घ्या, संवाद तिथे सर्वांत छान आहेत. काही कोड्यांची उत्तरं दर खेळात बदलतात, म्हणून जुना वॉकथ्रू (कोड्यांची उत्तरं सांगणारी मार्गदर्शिका) जसाच्या तसा लागू पडत नाही. दगडी चकत्यांच्या कोड्यासाठी गेममधलं प्लेटोचं पुस्तक स्वतः वाचा आणि कागद जवळ ठेवा.

'मंकी आयलंड २' लगेच घेण्याचा मोह होईल. संगीतासाठी तो घ्यावाच, पण एका कोड्याचं उत्तर आधीच सांगून ठेवतो, कारण ते आपल्या भाषेतून सुचणं शक्य नाही. धबधब्याजवळचा पंप फिरवायला हत्यार हवं असतं आणि ते हत्यार म्हणजे संमोहित केलेलं माकड. अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात, त्यावरचा हा श्लेष. गॅरेजमध्ये 'पाना दे' म्हणणाऱ्या आपल्याला माकड आठवायचं काही कारणच नाही. इथे उत्तर बघण्यात कमीपणा मानू नका.

'डे ऑफ द टेंटॅकल' (१९९३) थोडा उशिरा खेळा. तीन काळांत अडकलेले तिघं एकमेकांना वस्तू पाठवतात, आणि मंकी आयलंडमध्ये हात बसलेला असला की ही गुंतागुंत जास्त रंगते. एड या पात्राच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर १९८७चा 'मॅनियाक मॅन्शन' हा अख्खा गेम खेळता येतो. स्कमव्हीएममध्ये तो सुरू न होता नुसता संदेश आला, तर टेंटॅकलच्या फोल्डरच्या आत 'मॅनियाक' नावाचा फोल्डर आहे का बघा, आणि तो 'अ‍ॅड गेम'मधून यादीत वेगळा घाला.