तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेले इंग्रजी शब्द कशाला?

‘मराठीतलेच शब्द मरत चाललेत, आणि तुम्ही इंग्रजीतले मेलेले शब्द कसले गोळा करता?’ लग्नकार्यात विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात. दरवेळी काहीतरी बोलून मी वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

मी इंग्रजी शिकवते. शेक्सपिअर आणि 1611 चं बायबल हे माझं रोजचं काम आहे. त्याने माझं मराठी कमी होत नाही, एवढं बोलून तो मुद्दा सोडते.

अगदी अनोळखी शब्दांची मला धास्ती नाही. 1535 च्या कव्हरडेलच्या बायबलात ‘ओव्हरमॉरो’ आहे, म्हणजे उद्यानंतरचा दिवस. आपला ‘परवा’ टिकला, त्यांचा गेला. असा शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. 1611 च्या बायबलातल्या ‘मीट ऑफरिंग’मध्ये सपीठ, तेल आणि धूप असतो, मांस नसतंच, कारण तेव्हा मीट म्हणजे कुठलंही अन्न. त्याच बायबलात ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी पोचणं. इथे कोश कोण उघडणार?

मी हे सोडत का नाही, त्याचं कारण एक मुलाखत आहे. अधिव्याख्यात्याची जागा होती. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ‘हॅम्लेट’मधली ओळ दिली. बापाचं भूत खुणावतंय, सोबत्यांनी हॅम्लेटला धरून ठेवलंय, आणि तो ओरडतो: मला जो ‘लेट’ करेल, त्याचंच भूत करीन. मी म्हटलं, ‘जो मला अडवेल, त्याला ठार करीन.’ सर म्हणाले, ‘लेट म्हणजे जाऊ देणं. शाळेतलं पोरही सांगेल.’ बाकीचे हसले. मी सांगू लागले, की जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, एक अडवण्याचं, एक जाऊ देण्याचं. काळाच्या ओघात दोघांचे उच्चार एक झाले, आणि अडवणारं हळूहळू मागे पडलं. माझं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांनी विचारलं, ‘मराठी माध्यम का?’ त्यानंतर मला एकही प्रश्न आला नाही. एस.टी.त बसेपर्यंत मी रडले नाही. मग घाट उतरेपर्यंत थांबले नाही. ‘जागा आधीच ठरलेली असेल,’ असं बाबा म्हणाले. असेलही. मला जागेचं तेवढं लागलं नाही. बरोबर उत्तर केवळ माझ्या तोंडून आलं म्हणून चूक ठरलं, ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन ऑक्सफर्डचा मोठा कोश काढला. त्याचा पहिला भाग 1884 साली निघाला, शेवटचा 1928 साली. वापरातून गेलेल्या शब्दांवर आणि अर्थांवर त्यात खंजिराची खूण असते, पण त्यांना काढून टाकत नाहीत. माझा ‘लेट’ तिथे होता. पुढे पासपोर्ट आला, तर त्यातही तो निघाला: राष्ट्रपतींच्या नावे विनंती, की धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. त्या खोलीतल्या ज्यांच्याकडे पासपोर्ट असेल, त्यांच्या कपाटात तो शब्द त्याही दिवशी होता.

त्या वयात मी मानत असे, की जुना अर्थ तोच खरा. त्या मुलीशी मी अजून भांडते. ‘नाइस’ म्हणजे एकेकाळी मूर्ख, म्हणून आज कुणी नाइस म्हटलं तर रागवायचं का? अर्थ वापरणाऱ्यांच्या हातात असतो. त्यावर ती म्हणते, ‘मग त्या खोलीत बहुमत सरांचंच होतं.’ मी सांगते, की हॅम्लेट 1600 च्या आसपास बोलतोय, मतं त्याच्या काळच्या लोकांची मोजायची. तिला ते पूर्ण पटत नाही. रात्री कधी कधी मलाही नाही.

सहकारी सुचवतात, की वर्गासाठी ओळीत सरळ आजचा शब्द घाला, मुलं तळटीप वाचत नाहीत. खरंच वाचत नाहीत. तरी यंदाही मी ‘लेट’ तसाच ठेवलाय. त्या एका ओळीवर बराच वेळ जातो, आणि मग पाचवा अंक घाईत उरकावा लागतो, अशी मुलांची तक्रार आहे.