बंद पडलेला फुटबॉल संघ पुन्हा उभा करायचा असेल तर

छोट्या विद्यापीठाने बंद पडलेला फुटबॉल संघ पुन्हा सुरू करावा का? करावा. पण जर्सी शिवायच्या, फॉर्म भरायचा आणि थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेला गाडी काढायची, एवढीच तयारी असेल तर करू नये. असा संघ दोन वर्षांत परत बंद पडतो आणि मग ‘आपल्याकडे फुटबॉल चालत नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकावं लागतं.

मुलांना आवड नाही, हे कारण तर मुळीच खरं नाही. पुण्यात बाणेर, वाकड, कोथरूड, हडपसर, कुठल्याही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या भाड्याच्या मैदानावर, रात्री दहाला जाऊन बघा. जाळीच्या आत कॉलेजची मुलं तासाचं भाडं वर्गणी काढून भरतात आणि घामाघूम होईपर्यंत खेळतात. पण टर्फवर वाढलेल्या मुलाला ऑफसाइड माहीत नसतो, थ्रो-इनला मागचा पाय उचलतो, आणि चाळीस मीटरचा पास त्याने कधी मारलेलाच नसतो. चेंडू जाळीवर आपटून परत येतो, त्यामुळे बाहेर गेलेल्या चेंडूची किंमत कळत नाही. अकरा जणांचा खेळ शिकवायला पूर्ण मैदान लागतं, आणि पुण्यात खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे मैदानाखाली बऱ्याच ठिकाणी काळी माती असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर नुसता मुरूम पसरला की पहिल्या मोठ्या पावसात तो खाली रुततो आणि गोलसमोर तळं साचतं. म्हणून निदान फूटभर काळी माती काढायची, दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून पाया करायचा, मग मुरूम टाकून पाणी मारत रोलर फिरवायचा. १०० बाय ६४ मीटरचं मैदान आणि चारी बाजूंनी ३ मीटर मोकळी जागा धरली तर १०६ बाय ७०, म्हणजे ७,४२० चौरस मीटर. १५ सेंटीमीटरचा दबलेला थर हवा असेल तर साधारण ३९३ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतात. सैल मुरूम दबून पाचव्या हिश्श्याने बसतो असं धरलं, तर मागवायचा ४९० ब्रास. ठेकेदार ३९० चा हिशोब दाखवतो, आणि शेवटी थर भरतो बारा सेंटीमीटरचा. रोलर फिरल्यावर चार-पाच ठिकाणी पहार मारून थर मोजायचा, बिल त्यानंतर.

उतार एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना, एकास शंभर. म्हणजे मैदानाचा मध्य टचलाइनपेक्षा, म्हणजे लांबीच्या कडेच्या रेषेपेक्षा, ३२ सेंटीमीटर उंच. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. टचलाइनच्या बाहेर चर हवा आणि त्याचं तोंड मोकळं हवं. हे तोंड दर जूनमध्ये कोणी साफ करायचं, ते नावानिशी ठरलेलं हवं. मुरमावर पोयटा, वाळू आणि चाळलेलं शेणखत मिळून दहा-बारा सेंटीमीटर, आणि त्यात हरळी. विकतच्या गवताच्या लाद्या लागत नाहीत. हरळीची मुळं असलेली कांडी वीतभर अंतरावर जूनच्या पहिल्या पावसात लावली तर ऑक्टोबरपर्यंत मैदान झाकतं. त्या काळात त्यावर कोणी खेळायचं नाही. हे पाळणं सगळ्यांत अवघड, कारण नवं हिरवं मैदान दिसलं की कोणाला तरी तिथे स्नेहसंमेलनाचा मांडव घालायचा असतो.

पाण्याचा हिशोब ऐकून बरेच जण मागे सरतात. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर या क्षेत्राला ३७,१०० लिटर लागतात. दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर, रोज. हे परवडणार नाही आणि शहरात लोक प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत असताना ते योग्यही नाही. पण वसतिगृह असेल तर उत्तर कॅम्पसमध्येच आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी, हा नेहमीचा हिशोब धरला तर साडेतीनशे मुलांच्या वसतिगृहातून ३७,८०० लिटर बाहेर पडतं. मैदानाला लागतं तेवढंच. प्रक्रिया केलेलं पाणी गाळून, क्लोरिन देऊन, रात्री सोडायचं, म्हणजे सकाळपर्यंत पृष्ठभाग कोरडा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी पडतं. त्या दोन महिन्यांत गवत पिवळं पडू द्यावं. हरळी मरत नाही, पहिल्या पावसात परत फुटते.

कृत्रिम गवत हा सोपा मार्ग वाटतो. पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि आठ-दहा वर्षांनी ते उखडून नव्याने घालावं लागतं. तो दुसरा खर्च पहिल्या दिवशी कोणीच बाजूला ठेवत नाही.

गोलपोस्ट स्थानिक फॅब्रिकेटरकडूनच होतात आणि चांगले होतात. चार इंची एमएस (साध्या पोलादी) पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर असतो, नियमातल्या १२ सेंटीमीटरमध्ये बसतो. चूक होते ती मापात. ७.३२ मीटर हे दोन खांबांच्या आतल्या कडांमधलं अंतर आहे. वेल्डर बाहेरून बाहेर मोजतो आणि गोल जवळजवळ २३ सेंटीमीटर अरुंद होतो. उंची २.४४ मीटर, ती आडव्या पाइपच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत. खांब आधी रोवले आणि मुरूम नंतर टाकला की तीही कमी भरते. हलवता येणारे गोल असतील तर मागची चौकट जमिनीत खुंट्या ठोकून किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेलीच हवी. आडव्या पाइपला लोंबकळलेल्या मुलावर गोल उलटणं हा जीवघेणा अपघात आहे. रेषा आखायला चुन्याची फक्की वापरू नका. ओल्या गवतावर घसरलेल्या मांडीवर किंवा डोळ्यात गेली तर ती भाजते. खडूची पावडर किंवा पातळ केलेला इमल्शन रंग चालतो.

आता माणसं. संघ बंद पडण्यामागे पैशापेक्षा जास्त वेळा एक साधं गणित असतं: अकरापैकी आठ जण तृतीय वर्षाला असतात, जूनमध्ये जातात आणि संघच जातो. सव्वीस जणांचा गट घ्यायचा असेल तर प्रथम वर्षाचे दहा, द्वितीयचे नऊ, तृतीयचे सात असाच घ्यावा, मग तृतीयचा आठवा मुलगा कितीही चांगला असो. गोलरक्षक तीन, तिघे वेगवेगळ्या वर्षांचे.

प्रशिक्षक निदान एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी परवानाधारक हवा आणि त्याची नेमणूक अकरा महिन्यांची हवी. स्पर्धेआधी सहा आठवड्यांसाठी आणलेला प्रशिक्षक फक्त अकरा नावं निवडतो. सराव मंगळवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सव्वासहा ते पावणेआठ, शनिवारी आपसात सामना. सुरुवातीची वीस मिनिटं फिफा ११ प्लस हा व्यायामक्रम न चुकता. पंधरा प्रकार आहेत, साहित्य जवळजवळ काही लागत नाही, आणि गुडघे-घोट्यांच्या दुखापती त्याने खरोखर कमी होतात. दोघांत एक चेंडू या हिशोबाने तेरा, वर दोन जादा. हवा दाब मोजणारं गेज लावूनच भरायची. बोटाने दाबून भरलेले तेरा चेंडू तेरा तऱ्हेने उसळतात. आणि मेस पावणेआठला उघडी हवी. ती साडेआठला उघडत असेल तर मुलं उपाशी तासाला बसतात, तिसऱ्या आठवड्यात सरावाला निम्मीच उरतात आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांत चिकाटी नाही. केळी, उकडलेली अंडी, पोहे, शेंगदाण्याचा लाडू, एवढं पुरतं.

स्पर्धेबद्दल एक गोष्ट बैठकीत क्वचितच बोलली जाते. संलग्न महाविद्यालयाचा संघ आधी जवळपासच्या महाविद्यालयांशी खेळतो. स्वतंत्र विद्यापीठाचा संघ थेट पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, आणि तिथे सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात. म्हणजे वीस जणांचा रेल्वेचा प्रवास, राहणं, जेवण, आणि नव्वद मिनिटांनी परत. नव्या संघाला त्यातून काही शिकायला मिळत नाही. पहिलं वर्ष फक्त सराव आणि शेजारच्या महाविद्यालयांशी मित्रत्वाचे सामने. दुसऱ्या वर्षी पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये सगळ्यांत खालच्या श्रेणीत नाव घालायचं. तिथे हरलं तरी पुढचा सामना असतो. विभागीय स्पर्धा तिसऱ्या वर्षी.

मुलींचा संघ ‘नंतर बघू’ यादीत टाकू नये. तेच मैदान, तोच प्रशिक्षक, तीच वेळ. सुरुवातीला सात-सात जणींचे सामने खेळवले तरी चालतात. वाढीव खर्च कपडे बदलायच्या खोलीचा आणि स्वच्छतागृहाचा, आणि तो असाही करायलाच हवा.

पैशाची तरतूद क्रीडा विभागाच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून हवी, एखाद्या उत्साही विश्वस्ताच्या देणगीवर नको. या शहराने मोठे संघ पाहिलेत. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, उपविजेता होता, भारत एफसी एकच हंगाम खेळला, एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला. बालेवाडी स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसून ओरडलेल्या मुलांना आज आपल्या शहराचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) संघ नाही. एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत संघ टिकेल याची हमी देता येत नसेल तर त्याला पहाटे सव्वासहाला बोलावू नये.

राहता राहिली वेळ. माती काढायचं काम फेब्रुवारीत सुरू झालं नाही तर मेअखेर मुरूम बसत नाही, आणि मुरूम बसला नाही तर जूनची हरळी हुकते, म्हणजे आख्खं वर्ष गेलं. त्यामुळे ठराव डिसेंबरच्या बैठकीत व्हायला हवा. मातीचा नमुना त्याआधीच तपासून घेता येतो. मैदानाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, प्रत्येकी तीन फूट खोल खड्डा, आणि काळी माती कुठे संपते त्याची वहीत नोंद.