आमची वाटचाल : लाल यादीतून घडलेला धंदा

इतरांच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी तयार कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवर दिसणारे वापरायचे भाग, बनवणं हे आमचं काम. ग्रिड, डायल, तारीख निवडायच्या चौकटी. विंडोजवरचे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या दोन पद्धती आहेत : सुरुवात विंडोज फॉर्म्सवर झाली, मग डब्ल्यूपीएफची मागणी वाढत गेली. तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच : “तुमचं कंट्रोल टाकलं आणि प्रोजेक्ट कंपाइलच होईना.” म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रामच तयार होईना.

अशा वेळी एरर लिस्ट, म्हणजे चुकांची यादी, लालभडक झालेली असते, आणि खरं दुखणं त्यातल्या एखाद्याच ओळीत असतं. डब्ल्यूपीएफमध्ये प्रोजेक्टमधलंच कंट्रोल झॅमलमध्ये (स्क्रीनची मांडणी लिहायच्या भाषेत) वापरलं, की बिल्डच्या वेळी, म्हणजे प्रोग्राम तयार होताना, सी-शार्प भाषेतल्या कोडची आधी एक तात्पुरती असेंब्ली (कंपाइल झालेली फाइल) बनते आणि कंट्रोलचा टाइप तिच्यात शोधला जातो. कोडमध्ये कुठेतरी सेमीकोलन राहिला तर ती असेंब्लीच बनत नाही. मग झॅमल ओरडतं की असं कंट्रोल नेमस्पेसमध्ये (कोडमधल्या नावांच्या गटात) नाही, आणि माणूस नेमस्पेस तपासत बसतो. म्हणून आमच्याकडे सपोर्टला बसणारा पहिल्यांदा बिल्डचं पूर्ण आउटपुट मागवतो आणि सी-शार्पची पहिली एरर शोधतो. बेस क्लास (ज्याच्यावरून कंट्रोल बनतं तो मूळ क्लास) फक्त कोडमध्ये बदलला आणि झॅमलचा मूळ टॅग तसाच ठेवला, हाही नेहमीचा प्रकार. तिथे दोन्हीकडचा बेस क्लास जुळत नाही असं सांगणारी सीएस०२६३ ही एरर येते आणि दोन मिनिटांत सुटते.

सगळ्यात जास्त काम काढलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डॉटनेट ९ ने; हे प्रोग्राम ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मवर चालतात, त्याची ती आवृत्ती. डॉटनेट ८ वर बिनतक्रार कंपाइल होणारी विंडोज फॉर्म्सची कंट्रोल डब्ल्यूएफओ१००० ही एरर देऊन अडू लागली. कंट्रोलच्या पब्लिक प्रॉपर्टीची, म्हणजे बाहेरून बदलता येणाऱ्या गुणधर्माची, व्हॅल्यू डिझायनरने (माउसने फॉर्म मांडायच्या साधनाने) फाइलमध्ये लिहायची की नाही, हे आता स्पष्ट सांगावं लागतं. एका सेटिंगने ही एरर दाबता येते, पण आम्ही तो रस्ता धरला नाही. एकेक प्रॉपर्टी हातात घेतली. रेषेची जाडी असेल तर डीफॉल्टव्हॅल्यू, म्हणजे नेहमीची ठरलेली व्हॅल्यू, दिली. चालू ओळींची यादी फक्त प्रोग्राम चालताना लागते, तिला डिझायनर-सीरियलायझेशन-व्हिजिबिलिटी हिडन केलं, म्हणजे ती फाइलमध्ये लिहिलीच जात नाही. माझ्या मते ही सक्ती अगदी योग्य आहे. नको तो डेटा डिझायनर फाइलमध्ये शिरला, की पुढे त्याचा माग काढताना जीव जातो.

आता प्रत्येक कंट्रोलसोबत छोटा नमुना प्रोजेक्ट देतो आणि तो आमचा सोर्स कोड नसलेल्या कोऱ्या मशीनवर बिल्ड करून मगच पाठवतो. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ या जुन्या प्लॅटफॉर्मवरचे जुने ग्राहक अजून आहेत. त्यांच्यासाठी वेगळं बिल्ड निघतं, आणि ते बंद करायचा आमचा विचार नाही.