जुन्या सोफ्याचे साठ डॉलर

मुलं आपापल्या मार्गाला लागली, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं मोठं घर विकून टाउनहाउसमध्ये जायचं आम्ही ठरवलं. बेसमेंटमध्ये हा एवढा पसारा. नवऱ्याचं पालुपद एकच, "देऊन टाक गं सगळं, टॅक्समध्ये वजा होतं." ऑफिसातल्या कुणीतरी भरवून दिलेलं. टॅक्सचे कागद आमच्याकडे मी बघते, त्यामुळे हे 'वजा होतं' प्रकरण मला जरा जवळून माहीत आहे.

मुळात बहुतेकांचं काहीच वजा होत नाही. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी ठरावीक वजावट घेत असाल, तर सामान दान देऊन टॅक्स एका पैशानेही कमी होणार नाही. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला २०२५ साठी ते ३१,५०० डॉलर आहे. घरकर्जाचं व्याज, राज्याचे आणि गावचे कर, दानधर्म, सगळं मिळून त्याच्या वर गेलं तरच आयटमाइज करण्यात, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेण्यात अर्थ. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सने कंबरडं मोडतं, पण २०१८ पासून राज्य आणि स्थानिक कर मिळून दहा हजारच धरता यायचे. २०२५ पासून ते चाळीस हजार झाले (उत्पन्न फारच असेल तर कमी), म्हणून यंदा आम्ही जेमतेम त्या बाजूला पोचलो. २०२६ पासून आयटमाइज न करणाऱ्या जोडप्यालाही दोन हजारांपर्यंत दान वजा करता येईल म्हणतात ते खरं आहे, पण ते पैशाचं दान. सोफ्याचं नाही.

खरी गंमत किमतीत आहे. दान घेणारी संस्था पावतीवर 'सोफा १, कपडे ४ पिशव्या' एवढंच लिहिते. आकडा आपण घालायचा, आणि तो आपण मोजलेला नव्हे, तर थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, आज ती वस्तू ज्या भावाला जाईल तो. डोंबिवलीला आमच्या दारात बोहारीण यायची. आई म्हणायची, "अगं, जरीची आहे," आणि ती साडी उजेडात धरून विरलेल्या जागेतून बोट काढून दाखवायची. इथे आई पण आपणच आणि बोहारीण पण आपणच. नवरा म्हणाला, "चौदाशेला घेतला होता!" मी साठ लिहिले.

कपडे आणि घरसामान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत हवं, हा नियम २००६ च्या कायद्यापासूनचा. विटलेल्या चादरी, बंद पडलेला प्रिंटर यांची किंमत शून्य. साड्यांचं वेगळंच दुखणं. एका दुकानात मी कांजीवरम पडद्यांच्या रांगेत हँगरला लटकलेली पाहिली आहे, सहा डॉलरचा टॅग लावलेली. माझ्या रेशमी साड्या मग भाचीकडे गेल्या. त्याची सूट नाही. व्यक्तीला दिलेलं धरतच नाहीत. पुण्याहून शिकायला आलेल्या मुलाला गादी नि कुकर दिला, तोही त्यातच. भारतातल्या संस्थेला थेट पाठवलेलंही इथे चालत नाही. आणि पुण्यातला भाऊ विचारत होता म्हणून सांगते, तिकडच्या ८०जी मध्ये, म्हणजे दानावर सूट देणाऱ्या कलमात, वस्तू मुळीच बसत नाहीत, फक्त पैसे.

देण्याआधी सगळं डायनिंग टेबलवर मांडून फोनवर फोटो काढा आणि यादी करा. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्तीचं दिलं तर संस्थेचं लेखी पत्र लागतं, तेही रिटर्न भरण्याआधी हातात हवं. वर्षाची बेरीज पाचशेच्या वर गेली की ८२८३ नंबरचा फॉर्म. त्यात किंमत कशी काढली हेही विचारतात. मी 'थ्रिफ्ट शॉप व्हॅल्यू' लिहिते.

आमची बेरीज सहाशे झाली. आमच्या बावीस टक्के टॅक्सच्या हिशेबाने १३२ डॉलर वाचले. नवऱ्याला हा आकडा सांगितल्यावर त्याने विषय बदलला. ट्रेडमिल मात्र कुणीच घ्यायला तयार नाही. पट्टा उत्तम चालतो, कुणाला हवी असेल तर कळवा. स्वतः येऊन न्यावी लागेल, आणि पावती मिळणार नाही.