दोघांसाठी सॅमन : तव्यावरून मंद ओव्हनकडे

दोघांच्या जेवणासाठी सॅमन करायचा माझा प्रयोग आता बऱ्यापैकी स्थिरावलाय, म्हणून पुढे जाण्याआधी सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. उद्देश पहिल्यापासून एकच आहे. जिला घरी जेवायला बोलावलंय, तिच्यासमोर मला बसता आलं पाहिजे. मासा उत्तम झाला, पण सगळा वेळ मी शेगडीकडे तोंड करून उभा, असं जेवण मला नको आहे. म्हणून यावेळी पद्धत निवडताना चवीइतकंच एका गोष्टीला वजन दिलं : शेवटच्या अर्ध्या तासात हात किती मोकळे राहतात.

तवा का सोडला

तव्यावरचा सॅमन मला आजही आवडतो. कातडी कोरडी टिपून घ्यायची, मध्यम आचेवर कातडीची बाजू खाली ठेवायची, पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरायचं म्हणजे ती आकसून वाकडी होत नाही, आणि बहुतेक सगळा वेळ त्याच बाजूवर शिजवून शेवटी जेमतेम मिनिटभर उलटायचं. खालून कुरकुरीत, आतून रसाळ. स्वतःपुरतं करायचं असेल तर मी हेच करतो.

पण पाहुणी येणार असेल तेव्हा दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे धूर, तुषार आणि वास. सॅमनमध्ये चरबी भरपूर असते, ती गरम तव्यावर उडते आणि तो वास केसांत आणि कपड्यांत बसतो. नुकताच इस्त्रीचा शर्ट घातलेला असताना ते नकोच. दुसरी गोष्ट वेळेची. गरम तव्यावर माशाचं आतलं तापमान शेवटी इतकं भराभर चढतं की मनासारखा शिजलेला आणि कोरडा पडलेला यांच्यात मिनिटाचंही अंतर राहत नाही. त्याच मिनिटाला कुणी छान गोष्ट सांगत असेल तर कान तिकडे द्यायचे की तव्याकडे?

मंद ओव्हनमध्ये हे अंतर ताणलं जातं. १२० अंश सेल्सियसला ठेवलेल्या ओव्हनमध्ये साधारण १७० ग्रॅमचा, मध्ये अडीच ते तीन सेंटिमीटर जाड असलेला तुकडा शिजायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि शेवटचे काही अंश तो अगदी सावकाश चढतो. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही. माझ्या दृष्टीने या पद्धतीचं सगळं मोल या सवडीत आहे.

तापमानाबद्दल थोडं सविस्तर

माशाच्या स्नायूंतली प्रथिनं टप्प्याटप्प्याने बदलतात. ४० ते ५० अंशांच्या दरम्यान मायोसिन गोठायला लागतं, मांस अर्धपारदर्शक गडद नारिंगीवरून फिकट गुलाबी होतं आणि त्याचे पदर सुटायला लागतात. ६० च्या पुढे अ‍ॅक्टिनही आकसतं, पाणी पिळून बाहेर येतं आणि घास चोथ्यासारखा लागतो. मी थर्मामीटरवर ५० दिसले की ट्रे बाहेर काढतो. मंद आचेवरून काढलेला मासा बाहेर आल्यावर फार तर एक-दोन अंश चढतो. ज्या तुकड्यात मी समाधानी असतो, त्यात काट्याच्या टोकाने हलकेच दाबलं की पदर एकावर एक सरकतात, आणि दोन पदरांच्या मधली जागा ओली, चकचकीत दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या शिफारशीत माशासाठी ६३ अंश सांगितलेत. जेवायला येणारी व्यक्ती गरोदर असेल, किंवा आजारपणामुळे तिची प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर ६३ पर्यंतच शिजवायचा. मऊपणा थोडा कमी होईल, होऊ दे. मीठ आधी लावलेलं असेल तर तेवढा शिजलेला मासाही खायला चांगला लागतो. कमी तापमानावर थांबायचं असेल तर मी आधी गोठवलेलाच मासा घेतो, कारण उणे २० अंशांवर सात दिवस ठेवला की त्यातले परजीवी मरतात. जंतूंवर मात्र गोठवण्याचा हा उपाय चालत नाही, त्यामुळे मासा ताजा आणि थंडच राखायचा.

गोठवलेल्या माशाबद्दल आणखी एक. हवाबंद पाकिटात आलेला असेल तर फ्रिजमध्ये वितळायला ठेवण्याआधी पाकीट उघडायचं, निदान एका बाजूने कापायचं. हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांतले काही प्रकार फ्रिजच्या थंडीतही वाढतात. एवढं करून तो झाकलेल्या भांड्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की काम झालं.

तुकडे निवडणं आणि काटे काढणं

दोघांसाठी दोन तुकडे लागतात आणि ते एकाच वेळी शिजायला हवेत. म्हणून मधल्या भागातले, एकमेकांना लागून कापलेले तुकडे घ्यावेत. शेपटीकडचा तुकडा पातळ असतो, तो आधीच शिजून बसतो. वजन सारखं असण्यापेक्षा जाडी सारखी असणं जास्त महत्त्वाचं. ताज्या माशाला समुद्राचा हलका वास असतो. नाकात शिरणारा मासळकट वास ट्रायमिथिलअमाइनचा, आणि तो येत असेल तर त्या दिवशी बेत बदललेला बरा.

काटे काढायला मी आता मनापासून वेळ देतो. पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाला तोंडातून काटा काढायला लागणं किती अवघड वाटत असेल! तुकडा उलट्या वाटीवर किंवा कटोऱ्यावर पसरून ठेवला की तो मध्ये फुगतो आणि काट्यांची टोकं आपोआप वर येतात. बोटाचं टोक हलकं दाबत शेपटीकडच्या बाजूपासून डोक्याकडच्या बाजूपर्यंत आणि मग उलट फिरवायचं. एका दिशेने काही लागत नाही, दुसऱ्या दिशेने टोक बोटाला टोचतं. काटे डोक्याच्या दिशेला कललेले असतात, म्हणून चिमट्याने बुडाशी धरून त्याच दिशेने तिरके ओढायचे. सरळ वर उपटले तर मांस फाटतं. दुसरं बोट काट्याच्या शेजारी दाबून धरलं की तुकडा अखंड राहतो.

मीठ

या संपूर्ण प्रयोगात सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात मोठा फरक मिठाने पडला. माशाच्या वजनाच्या साधारण १ टक्का मीठ घ्यायचं. दोन्ही तुकड्यांचं मिळून ३४० ग्रॅम वजन असेल तर साडेतीन ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा छोटा चमचा अर्ध्याहून किंचित जास्त. सगळ्या बाजूंनी सारखं भुरभुरायचं आणि तुकडे जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवायचे.

यात तीन कामं होतात. मीठ आतपर्यंत मुरतं. पृष्ठभाग सुकतो. आणि शिजताना वर येणारा तो पांढरा साका खूप कमी होतो. साका म्हणजे स्नायूंतलं विरघळलेलं प्रथिन : तंतू आकसले की ते बाहेर ढकललं जातं आणि वर येऊन गोठतं. खायला त्यात वाईट काही नाही, पण प्लेटमध्ये दिसायला खराब दिसतं. मीठ आणि मंद आच एकत्र आल्यावर माझ्या तुकड्यांवर तो जवळपास दिसेनासा झालाय, आणि याचा मला फार आनंद आहे.

कातडीचा प्रश्न

मंद ओव्हनची एक उणीव आहे : कातडी मऊ आणि चिकट राहते. कुरकुरीत कातडी तर हवीच होती. आता मी ती आधीच वेगळी काढतो. शेपटीकडच्या टोकाला कातडी आणि मांस यांच्यात सुरी घालायची, पातं कातडीवर जवळजवळ आडवं ठेवायचं, कातडी कागदी रुमालात घट्ट धरायची आणि सुरी न हलवता कातडीच डावी-उजवीकडे हलवत ओढायची. दोन-चार झटक्यांत ती सुटते. कातडीखालचा तपकिरी थर थोडा मांसावर राहतो, तो मी पातळ खरवडून टाकतो, कारण माशाचा उग्रपणा मुख्यतः तिथेच असतो. ज्यांना तो आवडतो त्यांनी ठेवावा.

मग कातडी सुरीच्या मागच्या बाजूने खरवडून, टिपून, दोन बेकिंग पेपरच्या मध्ये ठेवून वर दुसरा जड ट्रे ठेवायचा आणि १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजायची. ती सपाट, काचेसारखी कडक होते. वाढेपर्यंत कोरड्या जागी उघडीच ठेवायची, म्हणजे मऊ पडत नाही. पाहुणी यायच्या कितीतरी आधी हे उरकून जातं, वास निघून जायलाही वेळ मिळतो, आणि वाढताना कातडीचा तुकडा माशावर तिरका खोचला की प्लेट देखणी दिसते.

बरोबर काय

इथे मी फार पर्याय धुंडाळले नाहीत. बटाटे, फरसबी आणि गार सॉस, एवढंच.

बटाट्यांना २२० अंश लागतात आणि माशाला १२०, ओव्हन एकच. म्हणून बटाटे आधी. फोडी करून, अर्धवट उकडून, तेल-मीठ लावून त्या सोनेरी होईपर्यंत भाजून घेतो. मग आच १२० वर आणतो, ओव्हनचं दार काही मिनिटं उघडं ठेवतो आणि ओव्हन थंडावल्याची खात्री करूनच मासा आत सारतो. बटाटे वरच्या कप्प्यात तसेच राहतात. मंद कोरड्या उष्णतेत ते गरम राहतात आणि मऊही पडत नाहीत.

फरसबी खळखळत्या खारट पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. मासा बाहेर काढल्यावर बटरमध्ये लसूण टाकून मिनिटभर परतली की झालं.

सॉसवर मात्र मी बराच विचार केला. लिंबू आणि बटरचा गरम सॉस चवीला राजा आहे, पण तो फुटतो. थंड बटरचे तुकडे एकेक घालत, आच सांभाळत, शेवटपर्यंत ढवळत उभं राहावं लागतं. म्हणजे पुन्हा शेगडीशीच. त्याऐवजी घट्ट टांगलेलं दही, भरपूर बारीक चिरलेला शेपू, लिंबाची किसलेली साल, थोडी मोहरीची पेस्ट आणि चिमूटभर मीठ. लिंबाचा रस शेवटी, अगदी थोडा. सॅमनच्या चरबीला आंबटपणा हवाच असतो, आणि शेपूचं तर माशाशी फार जुनं नातं आहे. हा सॉस सकाळी करून ठेवला तर संध्याकाळपर्यंत जास्तच मुरतो.

संध्याकाळ कशी गेली

बोलावताना विचारून घेतलं होतं : मासा चालतो का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, दही चालतं का. हे विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही, विचारलं की समोरच्यालाही बरं वाटतं.

ठरलेल्या वेळेपेक्षा तिला थोडा उशीर झाला, आणि तेव्हा या पद्धतीची खरी परीक्षा झाली. बटाटे भाजून तयार, कातडी कडक, सॉस फ्रिजमध्ये, आणि मासाही फ्रिजमध्ये, मीठ लावलेला, कच्चा. वाट पाहण्यात कशाचंच नुकसान नव्हतं. ती आली, बसली, पाणी घेतलं, प्रवासाचं सांगून झालं, मग मी उठून तुकड्यांना तेलाचं बोट फिरवलं आणि ट्रे आत सारला. मधली पंचवीस मिनिटं आम्ही बोलत होतो. मध्ये एकदा थर्मामीटर बघायला उठलो तर तीही स्वयंपाकघरात आली आणि आकडा ४६ वरून चढताना दोघांनी मिळून पाहिला. ५० झाले तेव्हा तिनेच ‘काढ आता’ म्हटलं.

कातडीचा तुकडा तिने आधी हाताने मोडून खाल्ला आणि मग माझ्या प्लेटमधलाही मागून घेतला. सॉस दोनदा घेतला. फरसबीत लसूण किंचित कमी चालला असता, हे माझं मत, तिचं नाही.

आवरताना एक उपयोगी गोष्ट : फळी, सुरी आणि ट्रेवर आधी लिंबाचा उरलेला अर्धा भाग किंवा व्हिनेगर फिरवायचं, मग साबण. आम्लामुळे वास देणारी अमाइन्स उडून हवेत येत नाहीत आणि स्वयंपाकघर लवकर मोकळं होतं.

पुढे

हे सगळं मत्स्यशेतीतल्या अटलांटिक सॅमनवर झालं. तो चरबीदार असतो, म्हणून थोडं पुढेमागे झालेलं सांभाळून घेतो. आता पॅसिफिकमधल्या रानटी सॉकआय सॅमनवर हीच पद्धत लावायची आहे. तो गडद लाल, पातळ आणि कमी चरबीचा, त्यामुळे लवकर कोरडा पडतो. विचार असा आहे की ओव्हन ११० वर ठेवायचा, मीठ तेवढंच पण मुरायचा वेळ कमी, आणि आतलं तापमान ४८ झालं की बाहेर. तेलात बुडवून मंद शिजवण्याचाही मोह आहे, पण तेल वाया घालवायचं मनात नाही, म्हणून आधी तुकड्यांवर तेल लावलेला कागद झाकून काय फरक पडतो ते बघणार. तिने पुढच्या वेळी बटाटे मी करेन म्हणून सांगितलंय, तेव्हा वरच्या कप्प्याचं वेळापत्रक आता तिला विचारून ठरेल.