आमची वाटचाल: ग्रिपर बनवता बनवता ग्राफ वाचायला लागलो

आमची फर्म सुरू झाली ती ग्रिपर बनवायला. रोबो दुसऱ्याचा, लाइन दुसऱ्याची, आम्ही फक्त रोबोच्या मनगटाला बसणारा हात करून द्यायचो. दोघं पार्टनर, एक लेथ, एक मिलिंग मशीन, बस. रोबो किती जोरात फिरणार ही आमची भानगडच नव्हती, क्लायंट म्हणायचा ५ किलोचा खोका आहे, आम्ही हिशोब करून सक्शन कप (हवा ओढून खोका धरणारे रबरी कप) निवडायचो आणि बिल पाठवायचो.

मग एका जॉबला खोके पडायला लागले. सरळ चालीत कधीच नाही, फक्त कन्व्हेअरवरून पॅलेटकडे वळताना एका ठराविक कोपऱ्यात, आणि तेही दिवसातून चार-पाच वेळा, म्हणजे धड पकडताही येईना. कप बदलले, व्हॅक्यूम पंप तपासला, होज बदलले, काही फरक नाही. शेवटी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तेव्हा दिसलं की खोका थेट खाली पडतच नाहीये, आधी बाजूला सरकतोय आणि मग सुटतोय.

तिथे ट्यूब पेटली. खोका कपांच्या खाली लटकलेला असतो तेव्हा बाजूचा झटका फक्त घर्षणावर पेलायचा असतो. त्याचं गणित असं, ॲक्सिलरेशनला घर्षणांकाने भागायचं, त्यात ग्रॅव्हिटीचे ९.८१ मिळवायचे आणि वजनाने गुणायचं. आम्ही ॲक्सिलरेशन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं होतं, घर्षणांक ०.५, म्हणजे साधारण ९९ न्यूटन, सेफ्टी म्हणून दुप्पट करून २०० न्यूटनच्या आसपास पकड देणारे कप दिले. पण त्या कोपऱ्यात रोबो १ मीटर प्रति सेकंदाने साधारण ५० मिमी त्रिज्येचं वळण घेत होता. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, आले २० मीटर प्रति सेकंद वर्ग! म्हणजे लागणार होते जवळजवळ २५० न्यूटन, तेही सेफ्टी न धरता. स्पीडोमीटरचा आकडा तोच राहिला तरी वळणात ॲक्सिलरेशन असतंच, हे शाळेत शिकलेलं, पण कप निवडताना कुणाच्या डोक्यात येतं? आमच्या तरी नाही आलं.

त्यानंतर सिम्युलेशन घेतलं, म्हणजे रोबोची चाल आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायची. रोबो बनवणाऱ्यांची स्वतःची सॉफ्टवेअर असतात, रोबोस्टुडिओ, रोबोगाइड, कुका सिम वगैरे. रोबोस्टुडिओसारख्यात खऱ्या कंट्रोलरचंच सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर पळतं, त्यामुळे वेळ आणि वेग बऱ्यापैकी खरे येतात. नुसतं ॲनिमेशन करणारी सॉफ्टवेअर दिसायला छान, पण त्यात रोबो कधी ब्रेक मारणार हे सॉफ्टवेअरवाल्याने आपल्या अंदाजाने ठरवलेलं असतं.

आता आमच्या चुकीची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सिम्युलेशनमधून ग्रिपरच्या टोकाची पोझिशन दर ४ मिलिसेकंदाला फाइलमध्ये काढली, एक्सेलमध्ये फरक काढून वेग, परत फरक काढून ॲक्सिलरेशन. ग्राफ आला करवतीच्या दात्यांसारखा. आम्ही लगेच लाल रंगात रिपोर्ट दिला की रोबो भयंकर झटके देतोय. क्लायंटच्या मेंटेनन्सवाल्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला आणि विचारलं, "अहो, फाइलमध्ये दशांशानंतर आकडे किती आहेत?" एक. म्हणजे पोझिशन ०.१ मिमीला राउंड झालेली. ०.१ मिमी भागिले ४ मिलिसेकंद म्हणजे वेगात २५ मिमी प्रति सेकंदाची उडी, आणि परत ४ मिलिसेकंदाने भागलं की ॲक्सिलरेशनमध्ये ६.२५ ची उडी! रोबो बिचारा गुळगुळीत चालला होता, झटके आमच्या एक्सेलमध्ये होते. रिपोर्ट परत घ्यावा लागला, तोंड लपवायला जागा नव्हती.

तेव्हापासून फाइल पूर्ण दशांशांची घेतो, दहा-अकरा बिंदूंमधून वक्र बसवून मग ॲक्सिलरेशन काढतो (फार गुळगुळीत केलं तर खरा पीकच कापला जातो, तेही भोगून झालंय) आणि रोबो लागला की ग्रिपरवर ॲक्सिलरोमीटर (ॲक्सिलरेशन मोजणारा सेन्सर) चिकटवून ताडून बघतो.

सगळ्यात जास्त वाद होतात ते स्पीडवरून. क्लायंट म्हणतो सायकल टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, कमी करा, प्रोग्रॅममध्ये स्पीड वाढवा. समजा चाल ४०० मिमीची आहे आणि ॲक्सिलरेशन ४ मिळतंय, तर अर्ध्या रस्त्यापर्यंत वाढायचं आणि उरलेल्या अर्ध्यात थांबायचं, त्यात रोबो जेमतेम १.२६ मीटर प्रति सेकंदाला पोचतो आणि वेळ लागतो ०.६३ सेकंद. प्रोग्रॅममध्ये २ लिहा नाहीतर ५ लिहा, वेळ तीच. २ ला नुसतं टेकायलाच पूर्ण १ मीटरची चाल लागते. ग्राफ समोर ठेवला की पटतं, नुसतं तोंडाने सांगून कुणालाच पटत नाही. वेळ वाचते ती मधल्या पॉइंटला उगाच पूर्ण थांबणं काढून तिथे वळण दिलं की, आणि मग परत त्या वळणाचं ॲक्सिलरेशन तपासायचं, म्हणजे आलो परत खोक्यापाशी.

अजून एक, फक्त टोकाचा ग्राफ बघून भागत नाही. एका जॉबला टोक अगदी सरळ रेषेत चालायचं पण मधेच रोबो मंदावायचा. जॉइंटचे ग्राफ उघडले तर पाचवा ॲक्सिस (म्हणजे पाचवा जॉइंट) शून्य अंशाजवळून जात होता, चौथा आणि सहावा एकमेकांविरुद्ध गरगर फिरत होते आणि त्यांच्या वेगाची लिमिट आली की अख्खा रोबो हळू होत होता. टेबलची उंची बदलून मनगट त्या जागेतून बाहेर काढलं, काम झालं.

सध्या हातात आहे उघड्या ट्रेमधलं लिक्विड नेण्याचं काम. त्यात ॲक्सिलरेशन लिमिटमध्ये असूनही लिक्विड उसळतं, कारण ॲक्सिलरेशन एकदम चढतं आणि एकदम उतरतं. म्हणून आता ॲक्सिलरेशन किती वेगाने बदलतं, म्हणजे जर्क, त्याचा ग्राफ काढतोय. पोझिशनपासून तिसऱ्यांदा फरक काढायचाय, त्यामुळे पार्टनरने फाइल उघडल्या उघडल्या आधी दशांशानंतरचे आकडे मोजले.